दाराखालून सरकवलेली पाने

6 जानेवारी आला की गावोगावच्या पत्रकार संघांना बाळशास्त्री जांभेकर आठवतात. शाल, श्रीफळ, जमल्यास एखादा मंत्री. 1832 साली ‘दर्पण’ निघाले तो हा दिवस. त्यानंतर अठरा दिवसांनी, 24 जानेवारीला, पत्रकारांचा आणखी एक दिवस येतो आणि तो कुणाच्या खिजगणतीत नसतो. संत फ्रान्सिस द सेल्स यांचा हा सण. 1923 साली पोप अकरावे पायस यांनी त्यांना लेखक-पत्रकारांचे आश्रयदाते संत म्हणून जाहीर केले. नांदेड आणि लातूर ज्या धर्मप्रांतात येतात, त्या औरंगाबाद धर्मप्रांताचे कॅथीड्रल याच संताच्या नावाचे आहे. म्हणजे मराठवाड्यातल्या कॅथलिकांचा पाठीराखा हा लिहिणाऱ्यांचा पाठीराखा. अख्ख्या महाराष्ट्रात कमी पाऊस आणि जास्त कवी असलेल्या या मुलखाला याहून शोभणारा संत मिळाला नसता.

पण विचारून पाहा. औरंगाबादेत ‘सेंट फ्रान्सिस’ म्हटले की जालना रोडवरची शाळा, नागपुरात ‘एसएफएस’ म्हटले तरी शाळा किंवा कॉलेज. ज्यांना संत ठाऊक असतात त्यांच्याही डोळ्यांपुढे पक्ष्यांशी बोलणारे असिसीचे फ्रान्सिस येतात, नाहीतर गोव्याचे झेवियर. हे तिसरे फ्रान्सिस मधल्यामधे हरवले. गेली अनेक वर्षे मी जमेल तसा या हरवलेल्या माणसाचा माग काढतो आहे.

ते इथे आले कसे, हे थोडक्यात उरकतो. फ्रान्स, इटली आणि स्वित्झर्लंड यांच्या सांध्यावरचे साव्हॉय हे त्यांचे गाव-शिवार. तिथल्याच पीटर मेर्मिए नावाच्या धर्मगुरूने 1838 साली त्यांच्या नावाने मिशनरी संघ काढला. त्या संघाचे फादर 1840 च्या दशकात विशाखापट्टणमला उतरले, तिथून नागपूरला आले आणि 1890 च्या दशकात औरंगाबाद जिल्ह्यातल्या घोगरगावाकडे वळले. 1955 साली अमरावतीचा धर्मप्रांत झाला, 1977 साली त्यातून औरंगाबादचा. डोंगराळ, बर्फाळ मुलखातला संत ज्वारीच्या रानात आला तो असा.

मला खिळवून ठेवले ते एका कागदाच्या गठ्ठ्याने.

1594 चा सप्टेंबर. फ्रान्सिस सत्तावीस वर्षांचे, पादुआची कायद्याची पदवी खिशात, वडिलांची इच्छा मोडून झालेले धर्मगुरू. जिनिव्हा सरोवराच्या दक्षिणेचा शाब्ले प्रांत साठेक वर्षांपूर्वी प्रॉटेस्टंट झाला होता. तो परत वळवायला ते निघाले. मुक्काम आलँझच्या किल्ल्यात, कारण रात्री गावात राहणे धोक्याचे. रोज पायी उतरून तोनों गावात जायचे आणि प्रवचन करायचे. ऐकायला मूठभर माणसे. गावातल्या वजनदार मंडळींनी प्रवचनाला कुणी जाऊ नये, असा बंदोबस्त केला होता. आपल्याकडे याला वाळीत टाकणे म्हणतात. इथे तर वक्त्यालाच वाळीत टाकले होते.

मग जानेवारी 1595 मध्ये त्यांनी लिहायला घेतले. एकेक मुद्दा, एकेक पान, त्याच्या नकला. नकला भिंतींवर लागल्या, दारांच्या फटींतून आत गेल्या. पुढे त्यांना पत्रकारांचा संत केले ते या पानांच्या जोरावर. पहिले पान तोनोंच्या रहिवाशांना उद्देशून आहे आणि आपण बोलायचे सोडून का लिहितो आहोत, याची कारणे त्यात दिली आहेत. भाषण ऐकायला तुम्ही येत नाही, तर लेख तुमच्या घरी येईल. लिहिलेले उलटसुलट करून बघता येते, त्यावर सावकाश विचार करता येतो, बोललेले हवेत जाते. शिवाय मी सही करून देतो आहे, म्हणजे उद्या मला माझे शब्द नाकारता येणार नाहीत. चार शतकांनंतरही संपादकाच्या टेबलावर चिकटवून ठेवावीत अशी ही कारणे. त्यातही मला सगळ्यात आवडलेली गोष्ट ही, की या लिखाणात परदेशी झळाळी शोधू नका, इथले सगळे साव्हॉयचेच आहे, असे ते बजावतात, आणि दुखणाइताला शेवटी गावची हवाच मानवते, असे सुचवतात.

या पानांचे पुढे काय झाले ती कथा दिवाळी अंकाला शोभेल अशीच आहे. त्यांचे पुस्तक त्यांच्या हयातीत निघाले नाही. 1622 साली ल्यों शहरात ते वारले. 1658 साली, म्हणजे छत्तीस वर्षांनी, त्यांच्या घराण्याच्या एका वाड्यातल्या जुन्या पेटीत हस्तलिखित सापडले. संतपदाची चौकशी चालू होती, तेव्हा कागद रोमला गेले. 1672 साली ते छापले गेले, पण संपादकाने संताची भाषा ‘सुधारून’ घेतली होती. साव्हॉयची हवा जाऊन पॅरिसची पावडर लागली. मूळ शब्द वाचकांच्या हाती यायला 1892 उजाडावे लागले. आनसी शहरात निघालेल्या समग्र आवृत्तीत मॅकी नावाच्या इंग्रज बेनेडिक्टाइन साधूने ते हस्तलिखिताबरहुकूम छापले. त्याच दशकात या संताच्या संघाचे फादर मराठवाड्यात पाय रोवत होते. आपल्या संताने काय लिहिले आहे, हे ते येताना नव्यानेच वाचत असतील.

आता दुसरी बाजू. भाविक चरित्रांत शाब्लेचे मतपरिवर्तन या पानांनी आणि संताच्या मधुर स्वभावाने झाले, असे सांगतात. ते अर्धेच खरे. 1598 साली साव्हॉयचा ड्यूक चार्ल्स इमॅन्युएल लवाजम्यासह तोनोंला आला आणि जे वळायला तयार नव्हते त्यांना हद्दपारीची धमकी मिळाली. प्रॉटेस्टंट धर्मोपदेशकांना काढून टाकावे, सरकारी पदे कॅथलिकांनाच द्यावीत, असा आग्रह खुद्द फ्रान्सिसनीही ड्यूककडे धरला होता. हे सांगितले की काही फादर नाराज होतात आणि हे लपवले की दुसऱ्या बाजूच्यांना आयते कोलीत मिळते. मी सांगतो, कारण दाराखालून पान सरकवणारा हात आणि ड्यूकला अर्ज लिहिणारा हात एकच होता, हे कळल्याशिवाय त्या पानांची किंमत कळत नाही. पानांनी जिंकलेली माणसे थोडी असतील, पण ती आपणहून आली होती.

पुढचे फ्रान्सिस अधिक मोठे वाटतात. 1602 साली ते जिनिव्हाचे बिशप झाले, पण जिनिव्हात त्यांना पाऊल टाकता येत नव्हते, म्हणून कारभार आनसीहून. नात्यातल्या एका विवाहित बाईंना, शार्मुआझी यांना, ते पत्रांतून साधना शिकवत होते. बाईंनी ती पत्रे एका जेझुइट फादरना दाखवली, त्यांनी छापायचा हट्ट धरला आणि 1609 साली जे पुस्तक निघाले त्याने त्यांना युरोपभर नेले. पुस्तकातला मुद्दा मराठी माणसाला नवा वाटणार नाही. बिशपने मठवाशासारखे राहू नये, संसारी माणसाने संन्याशासारखे, कारागिराने दिवसभर देवळात बसू नये; ज्याची भक्ती त्याच्या कामाआड येते ती भक्ती खोटी. मळ्यातला सावता आणि चाकावरचा गोरोबा ज्या भूमीत घरोघरी ठाऊक आहेत, तिथे हे सांगायला साव्हॉयचा बिशप कशाला हवा? पण सोळाव्या-सतराव्या शतकातल्या युरोपात भक्ती ही मठाच्या भिंतीआडची मक्तेदारी होती. पैठणचे एकनाथ 1599 साली गेले तेव्हा फ्रान्सिस तिशी ओलांडलेले होते. नाथांनी भारुडातून जे केले, त्याच्या आसपासचे काहीतरी हा माणूस गृहिणींच्या पत्रव्यवहारातून करू पाहत होता. 1616 साली त्यांचा ईश्वरप्रेमावरचा मोठा ग्रंथ निघाला. त्याच वर्षी इकडे गोव्यात, राशोलला, फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ मराठी ओव्यांत छापून बाहेर पडले. एकाच वर्षीची ही दोन पुस्तके एकमेकांना कधी भेटली नाहीत. आपल्या फादरांनी ही भेट अजून घडवून आणलेली नाही, ही माझी जुनी तक्रार.

प्रार्थनेची त्यांची रीतही संसारी माणसाला झेपणारी. सकाळी थोडे चिंतन करा आणि बागेतून निघताना माणूस चार फुले घेतो तसा त्यातला एखादा विचार दिवसभरासाठी सोबत घ्या. मधूनमधून देवाला छोटी हाक मारा. आपण नामस्मरण म्हणतो त्याच्या अगदी जवळचे. द्वितीय व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा मराठीतून होऊ लागली आणि मराठवाड्यात हे सगळे घराच्या भाषेत आले. सणाआधीचे नऊ दिवस नोव्हेना, ऑक्टोबरात घरोघरी जपमाळ. लातूर-नांदेडात कॅथलिक इतके थोडे, की संताचा सण हा बराचसा घरगुतीच राहतो.

प्रार्थना झाली, सेवेचे काय? इथे मला त्यांच्या आयुष्यातला दुसरा तंटा महत्त्वाचा वाटतो. 1610 साली फ्रान्सिस आणि जेन द शांताल या विधवा बाईंनी आनसीत स्त्रियांचा संघ काढला. बायका मठात राहतील पण आजाऱ्यांच्या घरी जातील, अशी सुरुवातीची कल्पना. ल्योंच्या आर्चबिशपांना हे पटले नाही. व्रतस्थ बायकांनी रस्त्यावर फिरायचे? 1618 पर्यंत संघाला भिंतीआड जावे लागले आणि फ्रान्सिसनी ते मान्य केले. मला हा त्यांचा पराभव वाटतो, त्यांच्या चरित्रकारांना नम्रता वाटते. त्यांनी मांडलेला डाव नंतर व्हिन्सेंट द पॉल यांनी पुढे नेला. स्वतः बिशपांनी मात्र रस्त्यावरचा माणूस सोडला नाही. मार्तें नावाच्या एका बहिऱ्या-मुक्या तरुणाला घरी ठेवून घेऊन त्यांनी खुणांनी शिकवले. कर्णबधिरांचे आश्रयदाते म्हणूनही त्यांना मानतात ते यामुळे.

भिंतीआडची ती अट पुढच्या साऱ्याच संघांना लागली नाही. मेर्मिए यांनीच मदर क्लोदीन एशेर्निए यांच्यासोबत उभ्या केलेल्या संघाच्या सिस्टर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विदर्भात आल्या आणि शाळा, दवाखाने यांच्या मागे लागल्या. विदर्भ-मराठवाड्यात ‘कॉन्व्हेंट’ म्हटल्यावर डोळ्यांपुढे येते ते सिस्टरांचे हे जग.

सेवेची खरी कसोटी लागली ती किल्लारीच्या भूकंपात. 30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटे. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गावे नुकती झोपली होती. मातीत बसवलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि वर मणामणाच्या मातीचे माळवद. जी घरे उन्हाळ्यात गारवा देत, त्यांनीच माणसे गाडली. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत सरकारी आकड्यानेच पावणेआठ हजारांवर मृत्यू; 52 गावे नव्या जागी वसवावी लागली. देशभरातून मदतीला आलेल्यांत कॅरितास इंडियासारखी कॅथलिक संस्थाही होती. नंतरच्या काळात मिशनरी म्हटले की धर्मांतर, असे समीकरण ज्यांच्या तोंडी बसले, त्यांनी भूकंपातून वाचलेल्या माणसांशी बोलावे. ढिगाऱ्यात हात घालणाऱ्याला कुणी जात-धर्म विचारत नव्हते.

कायदा मात्र विचारतो. मराठवाड्यातले पुष्कळसे ख्रिस्ती मूळचे दलित. 1950 च्या अनुसूचित जाती आदेशाने सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या, 1956 साली शीख आणि 1990 साली बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आणि मुस्लिम बाहेर राहिले. नांदेड हे हजूर साहिबचे गाव. एकाच मूळ जातीतली तीन घरे समजा: एक शीख, एक बौद्ध, एक कॅथलिक. पहिल्या दोघांच्या मुलांना अनुसूचित जातीचा दाखला मिळतो, तिसऱ्याच्या मुलाला मिळत नाही. जात बाकी तिघांनाही चिकटलेली. यावर नोव्हेना करून भागणार नाही, लिहावे लागेल, आणि ते सही करून.

लिहिणाऱ्यांच्या संताचे नाव मराठवाड्यात गाजायला हवे होते ते एकदा, नाव न घेता, गाजलेही. 93 वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन जानेवारी 2020 मध्ये तेव्हाच्या उस्मानाबादला, लातूरच्या शेजारी, भरले. साहित्यनगरीला गोरोबाकाकांचे नाव होते आणि अध्यक्ष होते वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो: ‘सुवार्ता’ मासिकाचे अनेक वर्षे संपादक, ‘सुबोध बायबल’चे कर्ते, हरित वसईच्या लढ्यातले पुढारी. निवड जाहीर होताच ख्रिस्ती धर्मगुरू मराठीचा अध्यक्ष कसा, असा गदारोळ झाला. धमकीचे फोन गेले. उद्घाटनाला येऊ नये म्हणून कवी ना. धों. महानोरांवरही दबाव आला. महानोर आले. दिब्रिटो पाठीच्या दुखण्याने बेजार होते, तरी आले आणि झुंडशाहीविरुद्ध स्पष्ट बोलले. धर्मांतराची भीती घालणाऱ्यांपैकी कितींनी त्यांचे एक तरी पान वाचले होते? तोनोंकरांनीही आधी हेच केले होते: ऐकायचे नाही, हे अगोदर ठरवून टाकले. 25 जुलै 2024 रोजी दिब्रिटो गेले.

त्यांचे सगळे छापलेले आहे, ते राहील. मराठवाड्याच्या कॅथलिकांचे तसे नाही. लेखकांच्या संताच्या धर्मप्रांताने शाळा बांधल्या, दवाखाने चालवले, पण स्वतःबद्दल मराठीत फार कमी लिहिले; सेवेच्या मानाने लेखणीत तो आखडता राहिला, असे माझे मत आहे. बाप्तिस्म्याच्या जुन्या नोंदवह्या, फादरांची गावाकडची पत्रे, खेड्यापाड्यांतून सायकलवर फिरलेल्या प्रचारकांच्या आठवणी, भूकंपानंतरच्या मदतीची टिपणे ज्यांच्या घरात किंवा कपाटात असतील, त्यांनी ती वाळवीच्या हवाली करू नयेत. मोबाईलवर का होईना, फोटो काढून ठेवावेत. म्हाताऱ्या माणसांचे बोलणे ध्वनिमुद्रित करावे, त्यांच्या बोलीत, ‘सुधारून’ न घेता. आणि नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात पीएच. डी.साठी विषय शोधणाऱ्या मुलामुलींनी हा विषय घ्यावा. मार्गदर्शक तयार नसेल तर त्याला हा अंक द्यावा.