जुनी मशीद, आणि अल्ला कोणाचा?

मुंबईत मशीद बंदर स्टेशनजवळ, सॅम्युअल स्ट्रीटवर एक प्रार्थनास्थळ आहे. सामाजी हसाजी दिवेकर यांनी ते १७९६ साली स्थापन केलं. आपल्या कोकणातले मराठी बोलणारे ज्यू, म्हणजे बेने इस्रायली, त्याला पिढ्यान्‌पिढ्या 'जुनी मशीद' म्हणत आले. आत वाचन होतं ते तोराह या ज्यू धर्मग्रंथाचं, हिब्रूतून. स्टेशनचं नाव या मशिदीवरूनच पडलं, असंही सांगतात.

मशीद म्हटली की ती मुसलमानांचीच, असं आपण धरून चालतो. तसंच 'अल्ला' हा मुसलमानांचा वेगळा देव, ख्रिस्ती आणि ज्यूंचा वेगळा, असंही अनेकांना वाटतं. पण अरबीत देवाला हाच शब्द आहे, आणि तो इस्लामच्या आधीपासून आहे. प्रेषित महंमदांच्या जन्माआधीच वारलेल्या त्यांच्या वडिलांचं नाव अब्दुल्ला होतं, म्हणजे 'अल्लाचा दास'. इजिप्तचे कॉप्टिक ख्रिस्ती आजही प्रार्थनेत 'अल्ला'च म्हणतात. माल्टा हा कॅथलिक देश, तिथल्या भाषेतही देव म्हणजे 'अल्ला'. दहाव्या शतकात सादिया गाओन या थोर ज्यू पंडिताने तोराह अरबीत आणली, तेव्हा त्यानेही हाच शब्द वापरला. हिब्रूतला 'एलोहीम' त्याच्याच भाऊबंदांपैकी. तरीही मलेशियात एका कॅथलिक साप्ताहिकाला हा शब्द छापण्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागली. २००९ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला, २०१३ मध्ये वरच्या कोर्टाने तो फिरवला. मला हे फार खेदाचं वाटतं, कारण तिथले ख्रिस्ती आपल्या प्रार्थनेतलाच शब्द मागत होते.

शब्द सारखा म्हणून देव एक, असं मात्र लगेच म्हणता येत नाही. खरा धागा अब्राहामचा आहे. मुलाचा बळी द्यायला निघालेल्या या बापाची गोष्ट ज्यू लोक रोश हशाना या नववर्षाच्या सणाला सिनेगॉगमध्ये, म्हणजे आपल्या प्रार्थनास्थळात, वाचतात, ख्रिस्ती ईस्टरच्या आदल्या रात्री वाचतात आणि मुसलमान बकरी ईदला तिची आठवण करतात. बायबलात तो मुलगा इसहाक आहे. कुराणात त्याचं नाव नाही, पण बहुतेक मुसलमान तो इस्माईल मानतात. मुलगा कोणता यावर मतभेद आहेत; बापाला हाक कोणी मारली, यावर नाहीत. 'आमचा आणि तुमचा देव एकच', असं ज्यू-ख्रिस्तींना सांगावं, हा आदेशही कुराणात आहे.

मग 'सगळे एकच सांगतात' म्हणून मोकळं व्हायचं का? नाही, तोही गैरसमजच. ख्रिस्ती तीन देव मानत नाहीत. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून देव एकच, असं ते मानतात, आणि येशू खुद्द देव आहे यावर त्यांची सगळी श्रद्धा उभी आहे. मुसलमानांना ईसा, म्हणजे येशू, आदरणीय प्रेषित म्हणून मान्य आहे, त्याची आई मरियम हिच्या नावाचा तर कुराणात आख्खा अध्याय आहे; पण देवाला पुत्र असणं त्यांना मुळीच मान्य नाही. ज्यूंनाही नाही. बाराव्या शतकातला ज्यू धर्मशास्त्री मायमोनिडीस मुसलमानांना निखळ एकेश्वरवादी म्हणतो, आणि ख्रिस्ती उपासनेला मूर्तिपूजेत धरतो. म्हणूनच मशिदीत पाऊल ठेवायला हरकत नाही पण चर्चमध्ये नको, असं सांगणारे रब्बी आजही आहेत. ज्यू आणि ख्रिस्ती जवळचे, मुसलमान तेवढे लांबचे, ही आपल्याकडची समजूत इथे पार उलटी पडते.

ख्रिस्ती लोकांतही एकमत नाही. मुसलमान आमच्यासह एकाच दयाळू देवाची आराधना करतात, असं कॅथलिक चर्चने १९६४ मध्ये व्हॅटिकन परिषदेत लिहून ठेवलं. उलट अमेरिकेतल्या व्हीटन कॉलेज या इव्हँजेलिकल प्रोटेस्टंट संस्थेत २०१५ मध्ये एका प्राध्यापिकेने दोघांचा देव एकच असल्याचं म्हटलं, तेव्हा तिला रजेवर पाठवलं गेलं. दोन महिन्यांत ती संस्था सोडून गेली.

माझ्यापुरतं सांगायचं तर, तिघे हाक मारतात ती एकालाच. तो कसा आहे आणि माणसाजवळ कसा आला, याचं उत्तर मात्र तिघांचं वेगळं आहे, आणि त्या उत्तरासाठी माणसांनी जीवही दिले आहेत. हा फरक झाकून आणलेल्या गोडव्यापेक्षा तो नीट समजून घेणं मला जास्त आदराचं वाटतं.