एकट्या ग्रंथपालाचे सोबती

तालुक्याच्या गावातील सार्वजनिक वाचनालयात बहुतेक वेळा एकच माणूस सगळे करत असतो. सकाळी कुलूप उघडून वर्तमानपत्रे मेजावर लावायची, देवघेवीला बसायचे, नवी पुस्तके दाखल नोंदवहीत चढवायची, फाटलेली बांधणीसाठी बाजूला काढायची, थकलेल्या वर्गणीसाठी फोन करायचे आणि तपासणीला येणाऱ्या साहेबांसाठी दप्तर तयार ठेवायचे. शेजारच्या गावातही असाच एक जण हेच करत असतो. दोघांच्या अडचणी त्याच, पण त्यांची गाठ पडते ती जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांच्या कार्यालयात, अनुदानाचे कागद देताना, एसटीची वेळ सांभाळत. महाराष्ट्रात अशी शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालये अकरा-बारा हजारांच्या घरात आहेत. म्हणजे हजारो माणसे एकच काम करतात आणि ती बहुतांशी एकेकटीच करतात.

ग्रंथपाल अभ्यासक्रमातून जेवढे शिकतो, त्याहून जास्त तो दुसऱ्याचे ग्रंथालय पाहून आणि दुसऱ्या ग्रंथपालाशी बोलून शिकतो, असे माझे ठाम मत आहे. आपल्याकडच्या ग्रंथालय चळवळीची सुरुवातच मुळी अशी झाली.

बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड १९०६ साली अमेरिकेला गेले, तिथली सार्वजनिक ग्रंथालये त्यांनी पाहिली. आपल्या संस्थानात अशी व्यवस्था हवी, हे त्यांच्या मनाने घेतले. न्यू हेवन येथील यंग मेन्स इन्स्टिट्यूटचे ग्रंथपाल विल्यम अ‍ॅलन्सन बोर्डन यांना त्यांनी बोलावून घेतले. बोर्डन १९१० साली बडोद्यास आले आणि १९११ मध्ये त्यांनी ग्रंथालय-प्रशिक्षणाचा वर्ग सुरू केला. भारतातला हा पहिला वर्ग मानला जातो. पंजाब विद्यापीठाने लाहोरला एसा डॉन डिकिन्सन यांच्या हाताखाली वर्ग काढला तो त्यानंतर, १९१५ साली.

मला बडोद्याची दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. तिथल्या ग्रंथालयसेवकांनी आपला एक क्लब स्थापन केला आणि १९१२ पासून ‘लायब्ररी मिसेलनी’ नावाचे नियतकालिक चालवले. ते इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत निघे. गावोगाव लाकडी पेट्यांतून पुस्तके पाठवणारी फिरती ग्रंथालये, खेड्यातली वाचनालये, बायका-मुलांसाठीचे विभाग या सगळ्यात राबणाऱ्या माणसांना एकमेकांचे काम कळावे म्हणून ही धडपड होती. बोर्डन १९१३ मध्ये परत गेले, पण पुढे कुडाळकरांसारख्या माणसांनी काम थांबू दिले नाही. बाहेरून आलेला एक जाणकार गेल्यावरही काम टिकले, कारण तोवर इथल्या माणसांचा आपापसांत संवाद सुरू झाला होता.

रंगनाथन यांची हकीकतही तशीच आहे. शियाळी रामामृत रंगनाथन हे मूळचे गणिताचे प्राध्यापक. १९२४ च्या जानेवारीत ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, तेव्हा त्या शांत दालनात त्यांचा जीव रमेना. परत शिकवायला जाण्याचाच त्यांचा विचार होता. विद्यापीठाने त्यांना इंग्लंडला पाठवले आणि सगळे पालटले. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात क्रॉयडनचे ग्रंथपाल बर्विक सेयर्स यांच्याकडे ते शिकले. मग वर्ग सोडून त्यांनी शंभराहून अधिक ग्रंथालये हिंडून पाहिली. कुठे मुलांचा विभाग कसा चालतो, कुठे कपाटे उघडी ठेवल्यावर काय होते, वर्गीकरणात कोण कुठे अडते, हे सगळे डोळ्यांखालून घातले. परतल्यावर १९२८ मध्ये मद्रास ग्रंथालय संघ उभा राहिला, १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे आणि १९३३ मध्ये द्विबिंदू वर्गीकरण प्रसिद्ध झाले. त्याच १९३३ साली कलकत्त्यात भारतीय ग्रंथालय संघाची स्थापना झाली. १२ ऑगस्टला आपण ग्रंथपाल दिन साजरा करतो, रंगनाथनांच्या तसबिरीला हार घालतो. त्या दिवशी तालुक्यातल्या सगळ्या ग्रंथपालांना गाडीत बसवून दुसऱ्या तालुक्यातले एखादे चांगले वाचनालय दाखवून आणले, तर ते रंगनाथनांच्या वाटेने जाणे ठरेल.

महाराष्ट्रात सरकारी पातळीवर या विषयाचा पाया घातला तो १९३९ मध्ये मुंबई सरकारने नेमलेल्या फैजी समितीने. राज्य झाल्यावर १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम आला, ग्रंथालय संचालनालय आले, ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग ठरले. ग्रंथालय संघांच्या मदतीने चालणारा काही महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम ही लहान गावातल्या सेवकाची पहिली पायरी. पुढे पदवी घ्यायची, तर नोकरी सांभाळून नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून किंवा इग्नूमधून ग्रंथालयशास्त्र शिकता येते. कितीतरी जणांनी, विशेषतः संसार सांभाळून वाचनालयात काम करणाऱ्या बायकांनी, या वाटेने पदव्या मिळवल्या आहेत.

राज्य ग्रंथालय संघ, विभाग संघ, जिल्हा संघ अशी आपली साखळी आहे आणि तिची अधिवेशने भरतात. तिथे मी जे पाहतो ते स्पष्ट लिहितो. उद्घाटनाला पाहुणे उशिरा येतात, सत्कार होतात, मग अनुदानवाढ, वेतनश्रेणी आणि वर्गबदल यांचे ठराव येतात. या मागण्या शंभर टक्के न्याय्य आहेत. तुटपुंज्या मानधनावर आयुष्य काढलेल्या माणसाने व्यासपीठ मिळाल्यावर पोटाचा प्रश्न आधी मांडला, तर त्याला कोण नावे ठेवील? पण दिवस त्यातच सरतो, आणि ‘आमच्याकडे मुले कशी यायला लागली’ हे सांगण्यासारखे ज्याच्याकडे आहे, तो मागच्या रांगेत बसून घरी जातो. अधिवेशनातले एक सत्र, निदान दोन तास, फक्त ग्रंथपालांनी ग्रंथपालांना आपले काम दाखवण्यासाठी राखून ठेवावे. पाहुणा नको, हारतुरे नकोत.

दोन तासांत काय दाखवता येईल, याचे एक उदाहरण देतो. सध्या अनेक वाचनालये संगणकीकरण करत आहेत. केंद्र सरकारच्या एनआयसी या संस्थेचे ‘ई-ग्रंथालय’ हे सॉफ्टवेअर मोफत मिळते. न्यूझीलंडमधल्या एका ग्रामीण भागातील ग्रंथालयासाठी तयार झालेले आणि २००० सालापासून वापरात असलेले कोहा हे सॉफ्टवेअरही कुणालाही घेता येते. कोहात पुस्तकाचा आयएसबीएन टाकला, की जगातल्या दुसऱ्या एखाद्या ग्रंथालयाने केलेली तयार नोंद ओढून घेता येते. इंग्रजी पुस्तकांना हे छान चालते. मराठीला लगेच अडचण येते. जुन्या पुस्तकांना आयएसबीएनच नसतो. लायब्ररी ऑफ काँग्रेसचे दिल्लीत १९६२ पासून कार्यालय आहे आणि ते मराठी पुस्तकेही खरेदी करते, पण त्यांच्या नोंदी वर्षानुवर्षे रोमन लिपीत होत आल्या. मग आपला सेवक देवनागरीत स्वतः नोंद करायला बसतो आणि गडकऱ्यांपाशी अडतो. नाटकांवर राम गणेश गडकरी, कवितांवर गोविंदाग्रज, विनोदी लेखांवर बाळकराम. शिरवाडकरांचेही तेच. नाटकावर वि. वा. शिरवाडकर आणि कवितासंग्रहावर कुसुमाग्रज. त्यात एक जण ‘वि.वा.’ जोडून लिहितो, दुसरा मध्ये जागा सोडतो, तिसरा ‘विष्णू वामन’ पूर्ण लिहितो. संगणकाच्या लेखी हे सगळे वेगवेगळे लेखक. वाचक ‘शिरवाडकर’ म्हणून शोधतो, अर्धीच पुस्तके दिसतात आणि तो ‘तुमच्याकडे नाहीत वाटतं’ म्हणून निघून जातो. पुस्तके मात्र कपाटातच असतात. यावरचा उपाय जुन्या कार्डांच्या काळापासून ठाऊक आहे. एक नाव ठरवायचे आणि बाकीच्या नावांखाली ‘पाहा’ अशी नोंद ठेवायची. संगणकातही ते करता येते, फक्त कुणीतरी शेजारी बसून एकदा दाखवावे लागते. जुन्या फॉन्टात केलेल्या नोंदी युनिकोडमध्ये आणायचे कामही असेच. एकाला जमले, की तो दहा जणांचे महिने वाचवू शकतो.

दहा तालुक्यांनी मिळून मराठी लेखकांच्या नावांची एकच यादी वापरायची ठरवली, तर केवढे काम होईल! शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी पुस्तकांची सूची संगणकाशिवाय उभी केली. आज तेवढी तपश्चर्या एकट्याने करण्याची गरज नाही, वाटून घेता येते.

महाविद्यालयीन ग्रंथपालांची स्थिती त्या मानाने बरी आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनुसार त्यांच्या पदोन्नतीसाठी उजळणी अभ्यासक्रम लागतात, त्यासाठी रजा मिळते. पूर्वीची अ‍ॅकॅडमिक स्टाफ कॉलेजे, म्हणजे आताची मालवीय मिशन प्रशिक्षण केंद्रे, ते चालवतात. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटचे ‘कॅलिबर’ हे अधिवेशन देशभरच्या विद्यापीठ ग्रंथपालांना एकत्र आणते. दिल्लीच्या डेलनेटमुळे एका ग्रंथालयातले पुस्तक दुसऱ्याला मागवता येते. विशेष ग्रंथालयांसाठी १९५५ पासून कोलकात्याची आयस्लिक ही संस्था आहे, आणि मुंबईत विज्ञान ग्रंथपालांची बोस्ला. या मंडळींच्या मोबाइलवरच्या गटांत ‘हा लेख कुणाकडे आहे का?’ असे कुणी विचारले, की कुणी ना कुणी धावून येतो. संशोधक विद्यार्थ्याला कळतही नाही, की त्याला हवा असलेला लेख तीन राज्ये ओलांडून आला.

या वर्तुळातही एक कीड आहे आणि ती बोलून दाखवली पाहिजे. पदोन्नतीला गुण लागतात म्हणून चर्चासत्रे भरतात, निबंध घाईने छापले जातात, प्रमाणपत्रे वाटली जातात. २०२० च्या टाळेबंदीत तर एका दिवसात चार-चार वेबिनारांची ई-प्रमाणपत्रे मिळत होती. चर्चासत्राहून परतल्यावर ग्रंथालयात एकही गोष्ट बदलली नसेल, तर तो दिवस आणि तो खर्च वाया गेला. संस्थाचालकांनी प्रमाणपत्र मागण्याऐवजी ‘आल्यावर काय नवे करणार?’ हे विचारावे.

मला सगळ्यात आशादायक वाटणारे काम गोव्यात चालते. पणजीला १८३२ साली स्थापन झालेले सार्वजनिक ग्रंथालय आहे, देशातल्या सर्वांत जुन्यांपैकी एक. आज ते कृष्णदास शामा यांच्या नावाने ओळखले जाते. त्याच शहरात २००५ साली बुकवर्म ही लहान संस्था सुरू झाली. शाळांमध्ये आणि वस्त्यांमध्ये मुलांची ग्रंथालये चालवता चालवता, मुलांच्या ग्रंथपालाला नेमके काय यायला हवे, याचा तिने खोल विचार केला. टाटा ट्रस्टच्या ‘पराग’ उपक्रमाच्या लायब्ररी एज्युकेटर्स कोर्समध्ये या संस्थेचा मोठा वाटा आहे. त्यात काही दिवस सगळे एकत्र येतात, मधला काळ आपापल्या गावी राहून वाचन आणि लेखन करतात आणि आपल्याच ग्रंथालयात एक प्रकल्प पार पाडतात. मोठ्याने वाचून दाखवताना चित्र मुलांकडे कसे धरायचे, पान उलटण्याआधी किती थांबायचे, गोष्ट संपल्यावर लगेच ‘तात्पर्य काय?’ का विचारू नये, असल्या गोष्टींची चर्चा होते. आपल्या नेहमीच्या अभ्यासक्रमात वर्गीकरणाला पेपर असतो, पण मुलासमोर पुस्तक कसे उघडायचे याला नसतो. शाळेतल्या अर्धवेळ ग्रंथपालाला नेमके हेच लागते. हा अभ्यासक्रम हिंदी आणि इंग्रजीत चालत आला आहे. मराठीतून अशी सोय गावोगावच्या सेवकांना मिळाली पाहिजे, आणि ती उभी करण्याइतकी अनुभवी माणसे आपल्याकडे नक्कीच आहेत.

घरबसल्या जोडून घेण्याजोग्याही जागा आहेत. मोफत ग्रंथालये चालवणाऱ्यांचे फ्री लायब्ररीज नेटवर्क आहे. विकिपीडियावरच्या लेखांना संदर्भ जोडण्याची ग्रंथपालांची मोहीम २०१६ पासून चालते. मराठी विकिपीडियावर संदर्भांविना पडलेले लेख खूप आहेत आणि ते संदर्भ आपल्याच कपाटांत आहेत. १९२७ साली एडिंबरोत स्थापन झालेल्या इफ्ला या जागतिक महासंघाचे अधिवेशन १९९२ मध्ये नवी दिल्लीत भरले होते. आज त्याची कितीतरी व्याख्याने संगणकावर विनामूल्य ऐकता येतात.

अडते ते पैशाने, पण फार मोठ्या पैशाने नव्हे. कोलकात्याचे राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान १९७२ पासून ग्रंथालयांना मदत करते आणि कार्यशाळा, चर्चासत्रांसाठीही त्याच्या योजना आहेत. गावातला सेवक कार्यशाळेला जात नाही, त्याची कारणे साधी असतात. त्या दिवशी वाचनालय कोण उघडणार, आणि गाडीभाडे कुणी द्यायचे? एका वाचनालयाच्या ग्रंथपाल ताई मला म्हणाल्या, “दादा, मला शिकायचंय हो, पण त्या दिवसाचं मानधन कापतात.” त्या वाचनालयाच्या कार्यकारिणीत शिकलेली, सुस्थितीतली माणसे होती. त्यांच्यापैकी कुणाच्या मनात वाईट नव्हते. ग्रंथपालाचे शिकणे हे वाचनालयाचे काम आहे, असे त्यांना कधी वाटलेच नव्हते.

म्हणून वाचकहो, तुम्ही तुमच्या गावच्या वाचनालयाचे सभासद असाल, तर येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेला अवश्य जा. अंदाजपत्रक वाचून दाखवले जाईल. ग्रंथखरेदी, बांधणी, वीजबिल, सादिलवार हे सगळे त्यात असेल. हात वर करून विचारा, की ग्रंथपालाच्या प्रशिक्षणासाठी आणि प्रवासासाठी यंदा किती रुपये धरले आहेत? शून्य असतील, तर तिथल्या तिथे एक रक्कम सुचवा आणि ठराव मांडा. त्या दिवशी वाचनालय उघडायला कुणी नसेल, तर ‘मी येतो’ म्हणून सांगा.