उपासनेची भाषा आणि राजसत्ता : इंग्लंडांतील इ. स. १५४९ चें बंड

इंग्लंडांतील धर्मसुधारणेचा धडा प्रस्तुत लेखकानें शाळेंत पुष्कळ वर्षें एकाच सरळ रीतीनें शिकविला. लॅटिन ही थोड्या विद्वानांची भाषा. तिच्या जागीं लोकांची इंग्रजी आली. जें आजवर केवळ कानीं पडत होतें तें लोकांस समजूं लागलें. सबब लोकांनीं तिचें स्वागत केलें, असा तो धडा होता. एकदां एका विद्यार्थ्यानें विचारलें, "गुरुजी, प्रार्थना लोकांच्याच भाषेंत आली, तर तिच्याविरुद्ध लोकच शस्त्र घेऊन कां उठले ?" पाठ्यपुस्तकांत या बंडास अवघ्या दोन ओळी होत्या व त्यांत या प्रश्नाचें उत्तर नव्हतें. त्या दिवशीं कांहीं तरी सांगून मीं वेळ मारून नेली. तें राहिलेलें उत्तर येथें देण्याचा विचार आहे.

प्रथम पूर्वपीठिका पाहूं. आठव्या हेन्रीनें रोमच्या पोपशीं संबंध तोडला आणि १५३४ च्या कायद्यानें राजा हाच इंग्लंडच्या चर्चचा सर्वोच्च अधिपति ठरला. १५३६ ते १५४० या अवधींत देशांतील मठ मोडून त्यांच्या जमिनी सरकारजमा झाल्या. तथापि गांवोगांवच्या चर्चमधील मिस्सा पूर्वींप्रमाणेंच लॅटिनमध्यें चालूं राहिली, व १५३९ च्या 'सहा कलमांच्या' कायद्यानें जुन्या मतांपैकीं मुख्य मतें राखलीं गेलीं. १५४७ च्या जानेवारींत हेन्री मरण पावला. त्याचा पुत्र सहावा एडवर्ड त्या वेळीं नऊ वर्षांचा होता. त्याचा मामा सॉमरसेटचा ड्यूक एडवर्ड सीमूर हा राज्यरक्षक होऊन कारभार पाहूं लागला, आणि कँटरबरीचा आर्चबिशप थॉमस क्रॅन्मर यास आपल्या मताप्रमाणें सुधारणा करण्याची मोकळीक मिळाली. मृतांच्या सद्गतीसाठीं प्रार्थना चालाव्या म्हणून लोकांनीं पिढ्यान्‌पिढ्या लावून दिलेलीं उत्पन्नें जप्त झालीं. चर्चमधील प्रतिमा काढून टाकण्याचे हुकूम सुटले. हे हुकूम बजावणारा विल्यम बॉडी हा अंमलदार १५४८ च्या एप्रिलांत कॉर्नवॉलांतील हेल्स्टन गांवीं जमावाच्या हातून मारला गेला. पुढील वर्षाच्या वादळाची ही सूचनाच होती.

जानेवारी १५४९ मध्यें पार्लमेंटनें 'एकरूपतेचा कायदा' संमत केला. क्रॅन्मरच्या देखरेखीखालीं सिद्ध झालेलें इंग्रजी प्रार्थनापुस्तक पेंटेकॉस्टच्या सणापासून, म्हणजे ९ जूनपासून, राज्यांतील प्रत्येक चर्चमध्यें वापरलें पाहिजे, असें त्यांत फर्माविलें होतें. जो धर्मगुरु हें पुस्तक नाकारील त्यास पहिल्या अपराधाबद्दल सहा महिने कैद व वर्षाच्या उत्पन्नाची जप्ती, दुसऱ्याबद्दल एक वर्ष कैद व वृत्तिच्छेद, आणि तिसऱ्याबद्दल जन्मठेप, अशी शिक्षा होती. राजाच चर्चचा अधिपति असल्यामुळें प्रार्थनेचा पाठ हा राजाज्ञेचा एक भाग झाला. म्हणून जुना पाठ म्हणणें हा केवळ धर्ममताचा प्रश्न न राहतां राजनिष्ठेचा प्रश्न होऊन बसला. पुढील सर्व अनर्थाचें मूळ येथें आहे.

डेव्हन परगण्यांतील सॅम्पफर्ड कोर्टने या खेड्यांत ९ जूनला नव्या पुस्तकाप्रमाणें प्रार्थना झाली. दुसऱ्याच दिवशीं गांवकऱ्यांनीं धर्मगुरूस जुनीं पूजावस्त्रें घालावयास लावून लॅटिन मिस्सा म्हणविली. त्यांची समजूत घालण्यास पुढें आलेल्या विल्यम हेलियन्स नांवाच्या गृहस्थाचा तेथें वध झाला. तिकडे कॉर्नवॉलांत बॉडमिन येथें हम्फ्री अरंडेल या जमीनदाराच्या नेतृत्वाखालीं लोक जमले. दोन्ही जमाव एकत्र झाले आणि ख्रिस्ताच्या पांच जखमांचें निशाण पुढें धरून त्यांनीं २ जुलैपासून एक्झिटर शहरास वेढा घातला. शहरांतहि पुष्कळांचा ओढा जुन्या धर्माकडे होता. परंतु मेयर व त्याचे सहकारी यांनीं राजाची बाजू सोडली नाहीं. वेढ्यांत अडकलेल्या जॉन हूकर यानें या प्रसंगाचा वृत्तांत लिहून ठेवला आहे. धान्य सरल्यावर कोंड्याची भाकरी कापडांत बांधून भाजावी लागे, कारण एरवीं ती एकजीव राहत नसे, असें तो सांगतो. पांच आठवड्यांनीं, ६ ऑगस्टला, लॉर्ड रसेल याच्या फौजेनें वेढा उठविला. या फौजेंत जर्मन व इटालियन भाडोत्री शिपाईहि होते. ऑगस्टच्या मध्यास सॅम्पफर्ड कोर्टने येथेंच शेवटची लढाई होऊन बंड मोडलें. मृतांची संख्या कांहीं हजारांच्या घरांत धरली जाते. एक्झिटरजवळील सेंट टॉमस येथील धर्मगुरु रॉबर्ट वेल्श यास पूजावस्त्रांसह त्याच्याच चर्चच्या मनोऱ्यावर फांशी दिलें. अरंडेल यास १५५० च्या जानेवारींत लंडन येथें देहांत शासन झालें.

आतां बंडवाल्यांच्या मागण्या पाहूं. लॅटिन मिस्सा व प्रतिमा पुन्हां चालू कराव्या, सहा कलमांचा कायदा जारी करावा, इंग्रजी बायबल परत घ्यावें, मठांच्या जमिनींपैकीं अर्धा भाग प्रत्येक परगण्यांतील दोन मुख्य मठांस द्यावा, जमीनदारांच्या पदरच्या नोकरांवर मर्यादा घालावी, अशा त्या होत्या. नवी प्रार्थना ही नाताळांतील सोंगासारखी आहे, असें त्यांनीं म्हटलें. शिवाय, आम्हां कॉर्नवॉलकरांपैकीं कित्येकांस इंग्रजी मुळींच समजत नाहीं, म्हणून ती आम्हांस नको, असेंहि स्पष्ट सांगितलें. क्रॅन्मरनें एकेक मागणी घेऊन तिचें खंडन केलें आहे. भाषेच्या मुद्द्यावर त्याचें म्हणणें असें कीं, कॉर्नवॉलांत इंग्रजी न समजणारे असतील, पण त्यांपैकीं लॅटिन समजणारे किती आहेत ? तर्कदृष्ट्या हें उत्तर बिनतोड आहे. परंतु त्यानें एकहि मनुष्य शांत झाला नाहीं. असें कां व्हावें, याचा विचार केला पाहिजे.

साधनांविषयीं एक सावधगिरी येथें अवश्य आहे. हूकर हा नव्या धर्माचा अभिमानी. क्रॅन्मर तर वादांतील प्रतिवादी. बंडवाल्यांच्या हातचें साधन म्हणजे त्यांच्या मागण्या तेवढ्या. तरीहि त्यांवरून दोन गोष्टी निश्चित दिसतात. पहिली ही कीं, भाषेचें कारण सर्वांस लागू नव्हतें. डेव्हनचे लोक इंग्रजीच बोलत, आणि बंडाची पहिली ठिणगी त्यांच्याच गांवीं पडली. त्यांचा विरोध न समजणाऱ्या शब्दांस नसून परिचित विधीच्या उच्छेदास होता. बारशापासून मर्तिकापर्यंत जे शब्द वाडवडिलांच्या वेळेपासून कानांवर आले, ते अर्थ न कळतांहि आपले असतात. संस्कृत मंत्रांशीं ज्यांचा घरगुती परिचय आहे त्यांस हें समजाविण्याची गरज नाहीं. दुसरी गोष्ट कॉर्नवॉलची. तेथें, विशेषतः पश्चिम भागांत, कॉर्निश ही वेल्शच्या कुळांतील स्वतंत्र भाषा चालत असे. त्या लोकांपुरतें पाहतां एक न समजणारी भाषा जाऊन दुसरी न समजणारी भाषा आली. फरक इतकाच कीं, लॅटिन ही कोणा शेजाऱ्याची भाषा नव्हती. इंग्रजी ही राज्य करणाऱ्याची होती. क्रॅन्मरच्या तर्कांत हा फरक कोठेंच येत नाहीं.

याच उन्हाळ्यांत देशाच्या पूर्वेस नॉरफोकमध्यें रॉबर्ट केट याच्या नेतृत्वाखालीं दुसरें मोठें बंड झालें. सामाईक गायरानांस कुंपणें घालणाऱ्या जमीनदारांविरुद्ध तें होतें, आणि त्या छावणींत प्रार्थना होत असे ती नव्या इंग्रजी पुस्तकावरूनच. म्हणजे त्या वर्षींचा सर्व क्षोभ धर्मामुळें झाला असें म्हणतां येत नाहीं. आणि पश्चिमेकडील बंडासहि जमीनदारांविषयींच्या रोषाची जोड होती, हें वरील मागण्यांवरून दिसतें. दोन्ही बंडें सारख्याच कठोरपणें मोडलीं गेलीं. ऑक्टोबरांत सॉमरसेटचीहि सत्ता गेली.

या प्रसंगाचा दूरचा परिणाम भाषेवर झाला. वेल्सच्या बाबतींत पार्लमेंटनें १५६३ मध्यें बायबल व प्रार्थनापुस्तक वेल्शमध्यें उतरविण्याचा कायदा केला. १५६७ त वेल्श प्रार्थनापुस्तक व नवा करार छापला गेला, आणि १५८८ त विल्यम मॉर्गन याचें संपूर्ण बायबल प्रसिद्ध झालें. एलिझाबेथच्या सरकारास राजनिष्ठेच्या आड भाषांतर येतें असें वाटलें नाहीं. कॉर्निश भाषेस असें पुस्तक त्या काळीं मिळालें नाहीं. पेन्रिन येथील ग्लॅस्नी हें तिच्या विद्येचें केंद्र बंडापूर्वींच बंद झालें होतें. वेल्श आजहि घराघरांतून बोलली जाते. कॉर्निश मात्र अठराव्या शतकाच्या अखेरीस व्यवहारांतून नाहींशी झाली. विसाव्या शतकांत तिच्या पुनरुज्जीवनाचा उद्योग झाला आणि २००२ मध्यें ब्रिटिश सरकारनें तिला प्रादेशिक भाषा म्हणून मान्यता दिली. केवळ प्रार्थनापुस्तकाच्या अभावीं ती लोपली असें म्हणणें अतिव्याप्त होईल. परंतु तें एक कारण होतें, यांत संशय नाहीं.

या कथेचा एक धागा आपल्या प्रांतापर्यंत येतो. बंडाच्या सुमारासच, १५४९ च्या आगेंमागें, विल्टशायरमध्यें जन्मलेला थॉमस स्टीफन्स हा कॅथलिक राहिला, जेझुइट झाला आणि १५७९ त गोव्यास आला. त्याचें ख्रिस्तपुराण हा दहा हजारांहून अधिक ओव्यांचा ग्रंथ १६१६ त रायतूर येथें छापला गेला, तो लॅटिन वा पोर्तुगीज भाषेंत नव्हे, तर मराठींत. गोव्यांतील धर्मप्रसारामागेंहि राजसत्तेचा बलप्रयोग होता, हें विसरतां येत नाहीं. आणि त्याच गोव्यांत १६८४ मध्यें देशी भाषा तीन वर्षांत सोडावी असा हुकूम निघाला. तथापि इंग्लंडांतील राजसत्तेस कॉर्नवॉलच्या बाबतींत जें सुचलें नाहीं, तें त्याच इंग्लंडांतून आलेल्या एका मनुष्यास परक्या देशांत सुचलें, एवढी नोंद अवश्य करावी.

त्या विद्यार्थ्यास आतां उत्तर देतां येईल. प्रार्थना लोकांच्या भाषेंत आली, हें विधान अर्धेंच खरें आहे. कोणत्या लोकांच्या भाषेंत आली, आणि कोणाच्या हुकमानें आली, हे दोन प्रश्न मीं त्या धड्यास कधीं जोडले नाहींत. यापुढें जे शिकवितील त्यांनीं ते जोडावे, एवढीच विनंति.