यंत्रछंद आणि नियतकालिके : हॉट रॉड मासिकांची परंपरा व महाराष्ट्रातील स्थिती

प्रस्तावना

औद्योगिक संस्कृतीचा अभ्यास करताना कारखाना, कामगार, भांडवल आणि बाजारपेठ या घटकांचा विचार सामान्यतः केला जातो. यंत्राविषयी सामान्य माणसाला वाटणारी आवड आणि त्या आवडीतून निर्माण होणारे ज्ञान हा विषय मात्र उपेक्षित राहिला आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत जुन्या मोटारी स्वस्तात विकत घेऊन त्या अधिक वेगवान करणे आणि त्यांचे रूप आपल्या कल्पनेप्रमाणे पालटणे हा तरुणांचा मोठा छंद बनला. या छंदाला शिस्त, परिभाषा आणि प्रतिष्ठा मिळवून देण्याचे कार्य प्रामुख्याने काही मासिकांनी केले.

हा विषय सोलापूरला वाटतो तितका दूरचा नाही. भारतातील मोटार उद्योगाचे एक आद्य प्रवर्तक वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ साली सोलापुरातच झाला. पुणे-हैदराबाद महामार्गावरील या शहरात मोटार दुरुस्ती, पत्राकाम आणि लेथकाम यांची परंपरा आहे. यंत्रमागाचा आवाज ऐकून त्यातील बिघाड ओळखणारे जॉबरही येथे आहेत. हस्तकौशल्य येथे विपुल असताना ते कौशल्य शब्दबद्ध करणारे नियतकालिक मराठीत का रुजले नाही, या प्रश्नाच्या अनुषंगाने हॉट रॉड मासिकांच्या परंपरेचा परिचय करून देणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

हॉट रॉड व कस्टम : संकल्पना

‘हॉट रॉड’ आणि ‘कस्टम’ या दोन संज्ञा अनेकदा एकत्र वापरल्या जात असल्या तरी त्यांचा रोख भिन्न आहे. हॉट रॉडमध्ये वेगाला प्राधान्य असते. जुन्या मोटारीचे मडगार्ड, बॉनेट, काच इत्यादी भाग काढून तिचे वजन घटविले जाते आणि इंजिनची शक्ती वाढविली जाते. त्यासाठी एका कार्ब्युरेटरऐवजी दोन किंवा तीन कार्ब्युरेटर बसविणे, सिलिंडर हेड घासून दाबाचे प्रमाण वाढविणे, झडपा अधिक काळ उघड्या ठेवणारा कॅमशाफ्ट वापरणे, धूर अडथळ्याविना बाहेर जाईल अशा नळ्या जोडणे असे उपाय योजले जातात. कस्टम प्रकारात रूपाला प्राधान्य असते. छताचे खांब कापून छत खाली आणणे, दाराच्या मुठी व शोभेच्या पट्ट्या काढून टाकणे, सांधे शिशाने भरून पत्रा एकसंध करणे आणि त्यावर अनेक थरांचे रंगकाम करणे ही त्याची लक्षणे होत. आपल्याकडील पत्राकाम करणारा कारागीर ज्या हाताने लांबी भरतो, त्याच जातीचे हे कौशल्य आहे.

या छंदाला अनुकूल अशी आर्थिक पार्श्वभूमी अमेरिकेत होती. फोर्ड कंपनीने १९०८ ते १९२७ या काळात मॉडेल टी या एकाच प्रकारच्या दीड कोटींहून अधिक मोटारी तयार केल्या. १९३२ साली त्याच कंपनीने सामान्य ग्राहकाला परवडणाऱ्या मोटारीत आठ सिलिंडरचे इंजिन दिले. परिणामी भंगारात जुन्या मोटारी आणि शक्तिशाली इंजिने या दोन्हींची रेलचेल झाली. दक्षिण कॅलिफोर्नियातील कोरड्या सरोवरांचे सपाट तळ वेगाच्या चाचण्यांसाठी उपयोगी पडले. तेथील विविध क्लबांनी एकत्र येऊन १९३७ साली सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशनची स्थापना केली.

मासिकांचा उदय

युद्ध संपल्यानंतर सैन्यात यंत्रकाम शिकलेले तरुण घरी परतले आणि छंदाचा वेगाने प्रसार झाला. त्याबरोबर रस्त्यांवरील बेकायदा शर्यती आणि अपघातही वाढले. ‘हॉट रॉडर’ हा शब्द वृत्तपत्रांत बेजबाबदार तरुणासाठी वापरला जाऊ लागला. या पार्श्वभूमीवर जानेवारी १९४८ मध्ये लॉस एंजेलिस येथे हॉट रॉड मोटारींचे प्रदर्शन भरले आणि त्याच वेळी रॉबर्ट पीटरसन यांनी आपल्या सहकाऱ्यासह ‘हॉट रॉड’ मासिकाचा पहिला अंक काढला. अंकाची किंमत पंचवीस सेंट होती. पुढे वॉली पार्क्स यांनी या मासिकाचे संपादकत्व सांभाळले. त्यांच्याच पुढाकाराने १९५१ साली नॅशनल हॉट रॉड असोसिएशन स्थापन झाली.

त्यानंतर या क्षेत्रात अनेक मासिके निघाली आणि प्रत्येकाने आपापला वाचकवर्ग निर्माण केला. पीटरसन यांनीच १९४९ साली ‘मोटर ट्रेंड’ सुरू करून नव्या मोटारींच्या परीक्षणाकडे लक्ष दिले. १९५३ साली ‘रॉड अँड कस्टम’ लहान आकारात प्रसिद्ध होऊ लागले; घरच्या गॅरेजमध्ये स्वतःच्या हाताने काम करणारा हौशी कारागीर हा त्याचा वाचक होता. त्याच वर्षी ‘हाँक’ या नावाने सुरू झालेले मासिक काही महिन्यांतच ‘कार क्राफ्ट’ झाले आणि मर्यादित पैशांत वेग मिळविणाऱ्या तरुणांचे आवडते ठरले. १९६२ साली ‘पॉप्युलर हॉट रॉडिंग’, तर १९७२ साली मुख्यतः १९४९ पूर्वीच्या मोटारींना वाहिलेले ‘स्ट्रीट रॉडर’ सुरू झाले. १९७७ साली कॅलिफोर्नियातील सॅन होझे येथून निघालेल्या ‘लोरायडर’ने मेक्सिकन-अमेरिकन समाजाच्या बुटक्या, संथ चालणाऱ्या, चित्रांकित मोटारींना स्थान दिले. १९९४ साली सुरू झालेल्या ‘द रॉडर्स जर्नल’ने उत्तम कागद आणि छायाचित्रे यांच्या बळावर संग्राह्य ग्रंथाचा दर्जा मिळविला. या नामावलीवरून असे दिसते की, एकाच छंदातील वय, उत्पन्न, समाज आणि अभिरुची यांचे भेद मासिकांच्या भेदांतून व्यक्त होत गेले.

मासिकांचे कार्य

या मासिकांच्या कार्याचे तीन भाग पाडता येतात. पहिला भाग शिक्षणाचा. एखादे काम पायरीपायरीने, छायाचित्रांसह, मोजमापे देऊन समजावून सांगणारा ‘हे कसे करावे’ या प्रकारचा लेख हा त्यांचा कणा होता. उस्तादाच्या हाताखाली वर्षानुवर्षे राहून जे शिकावे लागे, ते दूरच्या खेड्यातील मुलालाही वाचून करून पाहता येऊ लागले.

दुसरा भाग बाजारपेठेचा. कॅमशाफ्ट, सिलिंडर हेड, इनटेक मॅनिफोल्ड असे सुटे भाग तयार करणाऱ्या छोट्या कार्यशाळांना मासिकातील जाहिरातींमुळे देशभर ग्राहक मिळाले. परसातील उद्योगाचे मोठ्या व्यवसायात रूपांतर झाले आणि १९६३ साली अशा उत्पादकांनी स्वतःची संघटनाही उभारली.

तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा भाग शिस्तीचा. इंजिनची शक्ती वाढविली आणि ब्रेक जुनेच ठेवले तर मोटार प्राणघातक ठरते. १९३२ च्या फोर्डला यांत्रिक ब्रेक होते. कंपनीने द्रवचलित ब्रेक १९३९ च्या मॉडेलपासून दिले. हे नंतरचे ब्रेक जुन्या मोटारीला जोडणे ही हॉट रॉड बांधणीतील नेहमीची पायरी ठरली. हौशी कारागिराला वेग आणि नियंत्रण यांचा एकत्रित विचार करण्याची सवय अशा कामांतून लागली. रस्त्यावरील शर्यती बंद करून त्या आखीव धावपट्टीवर नेण्याचा प्रचार ‘हॉट रॉड’ने सातत्याने केला. १९५४ साली नॅशनल हॉट रॉड असोसिएशनचे एक छोटे पथक गावोगावी फिरून सुरक्षित शर्यत कशी भरवावी याची प्रात्यक्षिके देऊ लागले. ज्या छंदाकडे समाज उपद्रव म्हणून पाहत होता, त्याचे नियमबद्ध क्रीडाप्रकारात झालेले हे परिवर्तन छापील शब्दाच्या सामर्थ्याचे उत्तम उदाहरण होय.

महाराष्ट्रातील परिस्थिती

वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्सची स्थापना केली. अमेरिकेतील क्रायसलर कंपनीच्या सहकार्याने १९४७ पासून मुंबईत कुर्ला येथे मोटारींची जुळणी होऊ लागली. नंतर फियाट कंपनीशी सहकार्य झाले आणि ‘फियाट ११००’ ही मोटार मध्यमवर्गाच्या स्वप्नाचा भाग बनली. हीच मोटार पुढे ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने ओळखली गेली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपात ती २०२३ पर्यंत रस्त्यावर होती.

परवाना पद्धतीच्या काळात मोटारी अल्पसंख्य होत्या, त्यांच्यासाठी अनेक वर्षे थांबावे लागे आणि परदेशी सुट्या भागांवर जबर कर होता. जिथे मोटार कुटुंबाची मोठी मालमत्ता असते, तिथे तिचे छत कापण्याचा विचार कोणी करत नाही. त्यामुळे भारतीय मिस्त्रीची प्रतिभा मोटार वेगवान करण्याऐवजी ती जिवंत ठेवण्यात खर्ची पडली. पेट्रोलच्या मोटारीत डिझेल इंजिन बसविणे, न मिळणारा भाग लेथवर घडविणे, जीपची प्रवासी आसने वाढवून तिचे ‘वडाप’ करणे ही त्या प्रतिभेची रूपे होत. अमेरिकन हॉट रॉड विपुलतेतून जन्मला, तर आपल्याकडील फेरबदल टंचाईतून जन्मले.

उदारीकरणानंतर चित्र पालटले. १९९३ साली दिलीप छाब्रिया यांनी स्थापन केलेल्या डी. सी. डिझाईनने मोटारींचे रूपांतर हा प्रतिष्ठित व्यवसाय बनविला. १९९८ साली ‘ओव्हरड्राइव्ह’ आणि १९९९ साली ‘ऑटोकार इंडिया’ ही मासिके सुरू झाली. या मासिकांनी मोटार परीक्षणाचा दर्जा उंचावला. मात्र ती इंग्रजी आहेत आणि त्यांचा मुख्य भर नवी मोटार विकत घेणाऱ्या ग्राहकावर आहे. स्वतःच्या हाताने काम करणारा कारागीर त्यांच्या केंद्रस्थानी नाही.

मराठीत तंत्रविषयक नियतकालिकांची परंपरा नव्हती असे नाही. नागपूरचे ‘उद्यम’ हे मासिक १९१९ साली सुरू झाले आणि त्याने उद्योग, शेती व व्यवसाय यांची माहिती सामान्य वाचकापर्यंत पोहोचविली. १९२० साली शं. वा. किर्लोस्कर यांनी किर्लोस्करवाडीहून ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले. कारखान्याची व तेथील उत्पादनांची माहिती देणारे हे पत्र पुढे ‘किर्लोस्कर’ या नावाने वाङ्मयीन व सामाजिक मासिक बनले. हा प्रवास सूचक आहे. मराठी नियतकालिक यंत्रशाळेतून निघाले, पण त्याची पावले साहित्याकडे वळली. वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत मोटारीविषयी सदरे आली, तथापि गॅरेजमध्ये उघडून ठेवावे असे मासिक मराठीत दृढमूल झाले नाही.

याचा परिणाम भाषेवर झाला. राज्य शासनाच्या भाषा संचालनालयाने परिभाषा कोश सिद्ध केले. पण कोशातील शब्द वापरात आणणारे मासिक नसल्याने ते कोशातच राहिले. उलट गॅरेजमध्ये मराठी, हिंदी, इंग्रजी आणि सोलापुरात तेलुगू व कन्नड यांच्या मिश्रणातून घडलेली जिवंत परिभाषा कधी कागदावर आली नाही. उस्ताद निवृत्त झाला की त्याच्याबरोबर त्याची मोजमापे, युक्त्या आणि शब्दही जातात.

कायद्याची चौकट

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने मूळ नमूद केलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. केरळमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ही बाब अधोरेखित केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अनधिकृत बदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही शिक्षांची तरतूद केली. वायू-इंधनाचा मान्यताप्राप्त संच बसविण्यासारखे बदल विहित पद्धतीने करता येतात. २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांना ‘व्हिंटेज’ म्हणून स्वतंत्र नोंदणी दिली, परंतु वाहन मूळ स्वरूपात जतन केलेले असणे ही तिची अट आहे. म्हणजे कायद्याने जतनाला मान दिला. पुनर्रचनेला रस्त्यावर फारसा वाव ठेवला नाही.

सार्वजनिक सुरक्षिततेच्या दृष्टीने ही कठोरता समजण्याजोगी आहे. तथापि केवळ बंदीने ऊर्मी नष्ट होत नाही. राज्यातील अनेक शहरांत जप्त केलेले कर्कश सायलेन्सर पोलिसांकडून रोड रोलरखाली चिरडले जातात, यावरून ती ऊर्मी किती अशिक्षित स्वरूपात व्यक्त होते हे दिसते. सायलेन्सर बदलल्याने आवाज वाढतो, शक्ती वाढेलच असे नाही, ही साधी तांत्रिक गोष्ट त्या तरुणाला त्याच्या भाषेत सांगणारे कोणी नसते. त्याची भेट थेट दंडाच्या पावतीशी होते.

दुसरीकडे वैध मार्गही उपलब्ध आहेत. २००७ पासून होणारी बाहा एसएई इंडिया आणि २०११ पासूनची सुप्रा एसएई इंडिया या स्पर्धांत अभियांत्रिकीचे विद्यार्थी स्वतः वाहन आखतात, बांधतात आणि बंदिस्त मार्गावर चालवितात. प्रत्यक्ष धावण्यापूर्वी त्यांच्या वाहनाची तांत्रिक तपासणी होते. १९५० च्या दशकात अमेरिकन मासिकांनी ज्याचा पुरस्कार केला, त्याच तत्त्वाचे हे भारतीय रूप म्हणता येईल.

मुद्रित मासिकांचा ऱ्हास

अमेरिकेतही आता छापील मासिकांचे युग ओसरले आहे. ‘रॉड अँड कस्टम’ आणि ‘पॉप्युलर हॉट रॉडिंग’ २०१४ साली बंद झाली. डिसेंबर २०१९ मध्ये या क्षेत्रातील प्रमुख प्रकाशन कंपनीने आपल्या बावीसपैकी एकोणीस मासिकांची छपाई थांबविण्याचे जाहीर केले. ‘कार क्राफ्ट’, ‘स्ट्रीट रॉडर’ आणि ‘लोरायडर’ यांचा त्यात समावेश होता. वाचक चित्रफितींकडे वळला. चित्रफितीत हाताची हालचाल प्रत्यक्ष दिसते हा तिचा गुण निर्विवाद आहे. परंतु संपादकाने तपासलेले मोजमाप, चूक आढळल्यास पुढील अंकातील दुरुस्ती आणि अनेक वर्षांच्या अंकांचा सलग संग्रह हे मासिकाचे गुण तिच्यात अपवादानेच आढळतात.

समारोप

हॉट रॉड मासिकांच्या परंपरेवरून एक निष्कर्ष स्पष्टपणे निघतो. हाताचे कौशल्य आणि शास्त्रीय ज्ञान यांच्यामध्ये एक दुवा लागतो आणि लोकांच्या भाषेतील, तपासून छापलेले नियतकालिक हा तो दुवा होऊ शकतो. महाराष्ट्रात कारागीर आहेत, अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत, पुण्यात १९६६ साली स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडियासारखी चाचणीसंस्था आहे. उणीव आहे ती मधल्या दुव्याची.

ही उणीव भरून काढण्यासाठी मोठ्या भांडवलाची वाट पाहण्याचे कारण नाही. महाविद्यालयातील मराठी विभाग आणि यंत्र अभियांत्रिकी विभाग यांनी एकत्रितपणे गॅरेजमधील परिभाषेचे संकलन करणे, स्पर्धेसाठी वाहन बांधणाऱ्या विद्यार्थ्यांनी आपल्या कामाची नोंद मराठीत लिहिणे, औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील निदेशकांनी ‘हे कसे करावे’ या धर्तीचे लेख महाविद्यालयीन वार्षिकांत देणे ही कामे सहज करण्याजोगी आहेत. वालचंद हिराचंद यांच्या जन्मगावी असा उपक्रम सुरू झाल्यास जुन्या उस्तादांचे ज्ञान त्यांच्याबरोबर लुप्त होण्यापूर्वी कागदावर येईल आणि वेगाची ओढ असलेल्या विद्यार्थ्याला दंडाच्या पावतीपूर्वी एक वाचनीय पान हाती मिळेल.