समुद्राचा अंदाज, तांडेलाचा निर्णय

मासेमारी नौकेचा खर्च तिने बंदर सोडण्यापूर्वीच सुरू होतो. डिझेल भरले जाते, खणात बर्फ टाकला जातो, खलाशांचे रेशन आणि पिण्याचे पाणी चढते. मासळी लागो वा न लागो, हा पैसा गेलेलाच असतो. शेतकऱ्याला निदान आपले शेत कोठे आहे हे शोधावे लागत नाही. तांडेलाला ते दर फेरीत नव्याने शोधावे लागते. पाण्याचा रंग, घिरट्या घालणारे पक्षी, वाऱ्याची दिशा आणि वाडवडिलांनी सांगितलेल्या खुणा यांच्या आधारे हा शोध पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. त्या ज्ञानाचे मोल आजही कमी झालेले नाही. मात्र नौका लांब जाऊ लागल्या, इंधन महागले आणि शोधात गेलेला प्रत्येक तास हिशेबाच्या वहीत दिसू लागला.

या शोधाला मदत करणारी संस्था दख्खनच्या पठारावर, समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर आहे. हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र, म्हणजेच ‘इन्कॉइस’, १९९९ मध्ये स्थापन झाले. त्याची सर्वांत परिचित सेवा म्हणजे संभाव्य मासेमारी क्षेत्राची सूचना. उपग्रह समुद्रपृष्ठाचे तापमान मोजतात. ओशनसॅट मालिकेतील उपग्रह पाण्याचा रंग टिपतात आणि त्यावरून हरितद्रव्याचे प्रमाण काढले जाते. थंड व उबदार पाणी जेथे एकमेकांस भिडते, तेथे पोषक द्रव्ये आणि प्लवक एकवटतात. अशा पट्ट्यांची मासळी उतरवण्याच्या केंद्रापासूनची दिशा, अंतर, तेथील खोली आणि अक्षांश-रेखांश मराठीसह किनारपट्टीच्या भाषांत कळवले जातात.

यामागील जीवशास्त्र शेतीत काम करणाऱ्यांना अनोळखी वाटू नये. कोवळी पालवी फुटली की मावा वाढतो आणि माव्याच्या मागोमाग काही दिवसांनी ढालकिडे येतात. समुद्रातही क्रम असाच असतो. प्रथम वनस्पती-प्लवक वाढतात, त्यावर प्राणी-प्लवक पोसले जातात, मग तारली-बांगड्याचे थवे येतात आणि त्यांच्या मागे सुरमई व कुपा. म्हणून हिरवा दिसणारा पट्टा त्याच दिवशी मासळीने भरलेला असेलच असे नाही. उपग्रहाला अन्न दिसते, खाणारा दिसत नाही. शिवाय प्रवाहाबरोबर हा पट्टा सरकतो, त्यामुळे जुनी सूचना हाती धरून निघालेली नौका रिकाम्या पाण्यात पोहोचण्याची शक्यता असते. सूचनेत मासळीची जात वा वजन सांगितलेले नसते, हेही विस्तार कार्यकर्त्याने प्रथमच स्पष्ट केलेले बरे. एक सावधगिरी आणखी हवी: मासळी सापडणे सोपे होईल, तसा जाळ्याच्या आसाचा आणि बंदीकाळाचा नियम अधिक काटेकोरपणे पाळावा लागेल. नाहीतर तीच सूचना साठा लवकर संपवण्याचे साधन ठरेल.

उपग्रहाची दृष्टी पृष्ठभागापुरती असते. खालचे जाणून घेण्यासाठी पाण्यातच उपकरणे सोडावी लागतात. जगभरच्या समुद्रांत सुमारे ४,००० आर्गो तरंगके फिरत आहेत. असे तरंगक १,००० मीटर खोलीवर वाहत राहते, साधारण दहा दिवसांनी २,००० मीटरपर्यंत उतरते आणि वर येताना तापमान व क्षारता मोजून ती माहिती उपग्रहामार्फत पाठवते. उबदार पाण्याचा थर किती जाड आहे हे त्यातून कळते, आणि चक्रीवादळाला बळ मिळेल की नाही हे बऱ्याच अंशी त्या जाडीवर ठरते. याखेरीज चेन्नई येथील राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्था खोल समुद्रात नांगरलेले बोये सांभाळते. या बोयांच्या सावलीत मासे जमतात. मग नौका त्यांना दोर बांधतात, कधी संवेदक तुटतात, कधी भाग नाहीसे होतात. कामगंध सापळा काढून नेलेल्या शेतात किडीचा अंदाज बांधावा, तशीच ही अवस्था. नुकसान होते ते पुढील वादळाच्या वेळी त्याच मच्छिमारांचे.

समुद्राच्या या मोजमापाशी कोरडवाहू शेतीचाही संबंध आहे. २०१८ मध्ये अरबी समुद्रातील ‘मेकुनू’ आणि ‘लुबान’ या चक्रीवादळांचा पाऊस अरबस्तानच्या वाळवंटात पडला आणि तेथे वाळवंटी टोळांच्या पिढ्या वाढल्या. २०१९ मध्ये हिंदी महासागराचा पश्चिम भाग नेहमीपेक्षा बराच उबदार राहिला, पूर्व आफ्रिकेत भरपूर पाऊस झाला आणि प्रादुर्भाव आणखी पसरला. मे २०२० मध्ये टोळधाडी अमरावती, वर्धा आणि नागपूर जिल्ह्यांत उतरल्या.

मासेमारीइतकीच गरज बंदरे, जहाजे आणि तेलक्षेत्रांना लाटांच्या अंदाजाची असते. इन्कॉइस पुढील पाच ते सात दिवसांसाठी लाटांची उंची, दिशा, वारा आणि प्रवाह यांचे भाकीत देते. लहान नौकांसाठीची सूचना विशेष उपयुक्त आहे, कारण तीत नौकेच्या रुंदीनुसार ती उलटण्याचा धोका काढला जातो. मोठ्या ट्रॉलरला सहज पेलणारी लाट अरुंद होडीला पेलेलच असे नाही. केरळात ‘कल्लकडल’ म्हणून ओळखले जाणारे उधाण तर स्थानिक वारा नसतानाही येते. दक्षिणेकडील दूरच्या वादळात निर्माण झालेल्या लांब लाटा हजारो किलोमीटर वाहत येऊन निरभ्र दिवशी किनाऱ्यावर चढतात. आकाशाकडे पाहून हा धोका ओळखता येत नाही.

अंदाज तयार होणे आणि तो पोहोचणे यांतील अंतर २०१७ च्या ‘ओखी’ वादळात दिसले. ३० नोव्हेंबर रोजी कन्याकुमारीजवळ वादळ वेगाने तीव्र झाले, तेव्हा केरळ व तमिळनाडूच्या अनेक नौका आधीच खोल समुद्रात होत्या. मोबाइलचे जाळे किनाऱ्यापासून १०-१२ किलोमीटरवर संपते. अनेक मच्छिमार परतले नाहीत. शेकडो मच्छिमार भरकटत, तग धरत सिंधुदुर्गातील देवगड बंदराला लागले. त्यानंतर २०१९ मध्ये ‘जेमिनी’ हे उपकरण आले. ‘गगन’ उपग्रह प्रणालीवरून आलेला संदेश ते नौकेवरील मोबाइलवर उतरवते, त्यासाठी मोबाइलचे जाळे लागत नाही. पण हे बोलणे एकतर्फी आहे. इशारा नौकेवर येतो, नौकेची हाक मात्र त्यातून किनाऱ्याला जात नाही. दुतर्फी संदेशाची सोय असलेली उपकरणे नंतर आली. ती लहान नौकांपर्यंत नेणे हे खरे काम आहे.

१७ मे २०२१ ची घटना याहून अस्वस्थ करणारी आहे. ‘तौक्ते’ वादळाचा इशारा काही दिवस आधीच जाहीर झाला होता. तरीही मुंबईजवळच्या तेलक्षेत्रात ‘पी-३०५’ ही तराफा-नौका २६१ जणांसह समुद्रातच राहिली. नांगर सुटले आणि ती बुडाली. सत्तरहून अधिक माणसे दगावली. येथे उपग्रह, बोये किंवा संगणकीय प्रारूप कमी पडले नव्हते. नौका केव्हा हलवायची, याचा निर्णय चुकला होता. बंदरावर तीन नंबरचा बावटा चढल्यावर ‘एवढी एक फेरी करून येऊ’ म्हणणारा तांडेल आणि फवारणीचा सल्ला हाती असूनही आठवडा थांबणारा शेतकरी यांच्याशी काम केलेल्यांना ही अडचण नवी नाही.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर मासेमारीबंदी ३१ जुलैला संपते. नारळी पौर्णिमेच्या आगेमागे नौका पाण्यात उतरतात, आणि नेमक्या त्याच आठवड्यांत किनारा ढगांनी झाकलेला असतो. तापमान आणि रंग टिपणारे हे संवेदक ढगांपलीकडे पाहू शकत नाहीत, म्हणून मासळीच्या पट्ट्यांची सूचना त्या काळात अनेकदा निघतच नाही. लाटांचा अंदाज मात्र सुरू असतो. वारा आणि लाटा मोजणाऱ्या रडार-संवेदकांना ढगांचा तसा अडथळा नसतो. हंगामाच्या त्या पहिल्या फेऱ्यांत मासळी कोठे आहे हे तांडेलाला जुन्या खुणांवरूनच ठरवावे लागते, आणि निघावे की नाही हे लाटांच्या सूचनेवरून.