दसऱ्यातले सहा सिलिंडर

गडहिंग्लजहून दसऱ्याला कोल्हापूरला गेलात, तर दसरा चौकातील सोहळ्यात छत्रपतींची जुनी मेबॅक मोटार जरूर पाहा. राजाराम महाराजांच्या काळातील ही १९३६ सालची जर्मन गाडी. गडहिंग्लज तेव्हा कोल्हापूर संस्थानातच होते. गर्दी पाहते गाडीचा रुबाब. तुम्ही तिच्या इंजिनाचा विचार करा.

मेबॅक कंपनी मूळची झेपेलिन हवाई जहाजांची इंजिने बनवणारी. व्हर्सायच्या तहाने त्यावर बंदी आली, तेव्हा ती मोटारींकडे वळली. १९३५ साली तिने सहा सिलिंडरांचे ३.५ लिटरचे, १४० अश्वशक्तीचे इंजिन काढले. सहाच सिलिंडर का? चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँकशाफ्टचे दोन फेरे, म्हणजे ७२० अंश होईपर्यंत प्रत्येक सिलिंडरात एकदा ज्वलन होते. ७२० ला ६ ने भागा. दर १२० अंशांना एक धक्का! एकाचा जोर ओसरण्याआधीच दुसऱ्याचा लागतो, म्हणून चाल मऊ.

अडचण आली पेट्रोलची. हवा-पेट्रोलचे मिश्रण जितके दाबावे तितकी शक्ती जास्त. पण कमी ऑक्टेनचे पेट्रोल फार दाबले, तर ज्योत पोचण्याआधीच काही मिश्रण आपोआप पेटते. हेच नॉकिंग. त्याने दट्ट्याला भोकही पडू शकते. मग दाब कमी करून शक्ती गमवायची? मेबॅकने सिलिंडरांची धारणशक्ती ३.८ लिटर केली. दाब कमी, पण दर खेपेला मिश्रण जास्त. शक्ती तीच, १४०. कोल्हापूरची गाडी याच, एसडब्ल्यू ३८ नमुन्याची. (आकडा हलला नाही, पण मला तरी हीच मोठी करामत वाटते.)

१९३९ मध्ये इंजिन ४.२ लिटरचे झाले. अश्वशक्ती? पुन्हा १४०.