अन्नकूट रांधणारी माउली

कार्तिक शुद्ध प्रतिपदा म्हणजे बलिप्रतिपदा. याच तिथीस वैष्णव मंदिरांतून गोवर्धनपूजा होते व देवापुढे अन्नकूट रचला जातो. जुहू येथे १९७८ साली उभे राहिलेले श्रीराधा-रासबिहारीचे मंदिरही या दिवशी भाविकांनी फुलून जाते. मोटारी व विमाने येण्यापूर्वीचे जुहू म्हणजे भरतीच्या वेळी साष्टीपासून वेगळे पडणारे लहानसे बेट होते. कोळी, भंडारी, आगरी, कुणबी यांची तेथे वस्ती होती. आज तेथे नांगर दृष्टीस पडत नाही. परंतु देवापुढील अन्नाचा डोंगर कोणत्या तरी शेतातूनच आलेला असतो. त्या शेतघराकडे व ते चालविणाऱ्या माउलीकडे आजच्या पर्वणीस वाचकांचे लक्ष वेधावे, असे आम्हांस वाटते.

श्रीमद्भागवताच्या दशम स्कंधात, चोविसाव्या अध्यायात भगवंत नंदबाबांस ‘वार्ता’ म्हणजे उपजीविका समजावून सांगतात. कृषी, वाणिज्य, गोरक्षण आणि व्याजबट्टा असे तिचे चार भेद होत. ज्यावर आपण जगतो त्याची पूजा आधी करावी, हा त्या उपदेशाचा गाभा होय. पुढे पायसापासून वरणापर्यंत नाना पाक सिद्ध व्हावेत, अशी आज्ञा होते. मूळ संस्कृतात येथे कर्मणी प्रयोग आहे. काय शिजवावे ते सांगितले आहे. शिजविणारीचा उल्लेख नाही. व्याकरणदृष्ट्या यात काही वावगे नाही. मात्र शेतघरातील गृहिणीच्या वाट्यास जन्मभर हाच कर्मणी प्रयोग येतो, हे कीर्तनाच्या निमित्ताने खेडोपाडी हिंडताना आम्ही पाहत आलो आहोत.

मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात गृहस्थाच्या घरातील पाच हिंसास्थाने सांगितली आहेत: चूल, जाते, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याची घागर. त्यांच्या दोषपरिहारार्थ पंचमहायज्ञ सांगितले. आता ही पाच साधने पाहा. पाचही गृहिणीच्या हातची! जात्याची जागा गिरणीने घेतली, काही घरी नळ आला. तरी दिवस अजून तांबडे फुटण्यापूर्वीच सुरू होतो. गोठ्यातील शेण काढावे, अंगणात सडा घालावा, धार काढावी, भाकऱ्या थापाव्या, न्याहारी घेऊन शेतावर जावे, दुपारभर खुरपणी करावी आणि परतताना डोक्यावर वैरणीचा भारा आणावा. उन्हाळ्यात कुरडया, सांडगे आणि वर्षाचे धान्य वाळवावे. कडधान्यास राख चोळावी, कणगीत कडुनिंबाचा पाला घालावा, पुढील पेरणीचे बियाणे निवडून जपावे. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी असेच गावठी वाण जतन केले आणि २०२० सालच्या पद्मश्रीने त्यांचा गौरव झाला. सणही तिच्याच हातून उभा राहतो. वसुबारसेस सवत्स धेनूची पूजा करणारी तीच, आणि पाडव्यास अंगणात शेणाचे पांडव मांडणारीही तीच.

एवढे असूनही गावच्या दप्तरात ती कोठे असते? सातबाऱ्यावर बहुधा पतीचे किंवा सासऱ्याचे नाव. पीककर्ज, नुकसानभरपाई हे सारे त्या नावाने. तो कर्ता पुरुष अकाली गेला की वारसनोंदीसाठी तिची वणवण सुरू होते. वास्तविक ‘सीता’ या शब्दाचा अर्थच नांगराचे तास. कौटिल्याने शेतीच्या अधिकाऱ्यास ‘सीताध्यक्ष’ म्हटले आहे. जमिनीच्या रेघेस स्त्रीचे नाव आणि जमिनीच्या कागदावर मात्र नाही, ही विसंगती आम्हांस बोचते.

तिचे परिमार्जन या महाराष्ट्रानेच आरंभिले. नोव्हेंबर १९८६ मध्ये नाशिक जिल्ह्यातील चांदवड येथे शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेचे महिला अधिवेशन भरले. त्या विचारातून पुढे ‘लक्ष्मीमुक्ती’ची चळवळ झाली आणि गावोगावच्या शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीचा वाटा स्वखुशीने पत्नीच्या नावे केला. १९९२ साली शासनानेही परिपत्रक काढून, पतीने अर्ज केल्यास पत्नीचे नाव सहधारक म्हणून लावण्याची वाट मोकळी केली. यवतमाळ जिल्ह्यातील रावेरी येथे एकट्या सीतामाईचे मंदिर आहे. त्याचा जीर्णोद्धारही जोशी यांच्याच पुढाकाराने झाला.

कोणी म्हणतील, ‘घर एकच असता वेगळे नाव कशाला?’ त्यावर आमचे नम्र उत्तर असे, की घर एक आहे म्हणूनच दोन नावे शोभतात. विवाहात ‘धर्मे च अर्थे च’ अशी जी शपथ वाहिली, तीत ‘अर्थ’ हाही शब्द आहे. पाडव्यास पत्नी पतीला ओवाळते व पती ओवाळणी घालतो. यंदा शेतकरी बांधवांनी त्या तबकात लुगड्याबरोबर एक अर्जही ठेवावा, आणि सण सरताच दोघांनी मिळून तो गावच्या चावडीत द्यावा. लक्ष्मीपूजन आदल्या दिवशी झालेलेच असते. घरच्या लक्ष्मीचे पूजन मग राहून जाऊ नये.